पाण्यातला हीटर

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या माणसाला ओहमचा नियम कुणी शिकवायला लागू नये. त्यात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, इचलकरंजीत विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचं ते तांब्याच्या तारेच्या रिळांवरच. तरीही २०१३ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीत मी पाच महिन्यांत वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, वीसेक कॉइल जाळल्या, आणि त्या का जळतात ते काही केल्या कळेना. शेवटी सांगितलं अण्णांनीच. मी नेमकं काय जाळतोय, हे त्यांना ठाऊक नसताना.

हे आत्ता आठवायचं कारण, आमच्या कारखान्यात नाशिकहून आलेला एक मुलगा. मुलगा म्हणजे चांगला तिशीचा, दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढणारा. १ जून २०२५ पासून इकडे वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली. मग त्याने पुन्हापुन्हा भरता येणारा पॉड, म्हणजे लहानसा वेप, घेतला आणि त्याची कॉइल ०.८ ओहमची घेऊ की १.२ ची, हे विचारायला माझ्याकडे आला. मी आता सिगारेटही ओढत नाही आणि वेपही नाही, पण मेंटेनन्समधला माणूस म्हणजे आकड्यांचं याला विचारा, अशी ख्याती आहे. उत्तर दोन वाक्यांचं होतं, ते दिलं. घरी येऊन जुनी वही काढली तर तेवढ्या दोन वाक्यांपर्यंत पोचायला मला केवढी पानं लागली होती!

२०१३ चा हिवाळा इथल्या लोकांच्याही लक्षात आहे. मार्च संपत आला तरी बर्फ. आमच्या कारखान्यात ओढणाऱ्यांसाठी मागच्या पार्किंगमध्ये बसस्टॉपसारखी एक शेड होती, तीन बाजूंनी उघडी. तिथे हातमोजा काढून सिगारेट पेटवायची म्हणजे बोटं बधिर. वीसच्या पाकिटाला सात-आठ पौंड. मी मनातल्या मनात त्याचे रुपये करायचो आणि मग दुसरी पेटवायचो. सोडायचे प्रयत्न दोनदा झाले होते. निकोटिनची पट्टी लावून झाली, निकोटिनचं च्युइंगम चघळून झालं. तलफ भागायची, पण हात रिकामा राहायचा, आणि रिकामा हात फार वाईट.

कॉव्हेंट्रीचं मार्केट गोल आहे. १९५८ सालची इमारत, वर गच्चीवर मोटारी लावायची सोय, आणि आत शिरलं की आपण कुठल्या दारातून आलो ते विसरायला होतं. मासळीवाल्यांच्या पलीकडे एका गाळ्यावर वेपचं सामान मांडलेलं असायचं. तिथे मी पहिला संच घेतला. पेनासारखी बॅटरी, ६५० एमएएचची, पाच वेळा बटण दाबलं की चालू, पाच वेळा दाबलं की बंद. तिच्यावर फिरवून बसवायची प्लास्टिकची पारदर्शक नळी, तळाला ५१० नावाचा, ठरीव मापाचा आटा. नळीत वरून खाली लोंबणाऱ्या दोन-चार पांढऱ्या वाती. खरंच वातीच, समईत असतात तशा, फक्त कापसाच्या नाहीत, काचेच्या धाग्यांच्या. वातीच्या मध्यावर केसाएवढ्या तारेचे पाच-सहा वेढे. ती कॉइल; ती तापली की वातीतल्या लिक्विडची वाफ होते. नळीवर २.४ ओहम लिहिलेलं. लिक्विड तंबाखूच्या चवीचं, एका मिलीत १८ मिलिग्रॅम निकोटिन.

पहिला झुरका घेतला आणि हसू आलं. चहाच्या कपावरची वाफ हुंगावी तसं काहीतरी. घशाला काहीच लागेना. सिगारेट ओढणाऱ्याला घशाला ती एक खरवड लागते. ती बसली की मेंदू म्हणतो, हां, आलं. इथे मेंदू वाट बघत बसला. दोन दिवसांनी पुन्हा शेडमध्ये.

गाळेवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, कमी रेझिस्टन्सची घेऊन बघ, १.५ ओहमची. घेतली. पहिल्या झुरक्याला ऊब आली, घसा खरवडला, मी खूश. दुपारपर्यंत तोंडात करपट चव. दुसऱ्या दिवशी ती नळी फेकली. पुन्हा १.५, पुन्हा तेच. गाळेवाला म्हणायचा, लॉट खराब आला असेल. त्याचं म्हणणं मी मान्य करत गेलो, हे आज आठवलं की मला माझीच लाज वाटते. आठ तास मी कारखान्यात मोटारींचे अँपिअर मोजत होतो, आणि खिशातल्या तीन व्होल्टच्या वस्तूचा हिशेब करावा हे डोक्यात आलं नाही.

आलं ते बसमध्ये. तिकिटाच्या मागे लिहिलं. व्होल्टेजचा वर्ग करायचा, रेझिस्टन्सने भागायचं, वॅट निघतात. बॅटरीवर ३.७ व्होल्ट लिहिलेलं. त्याचा वर्ग १३.६९. भागिले २.४, म्हणजे ५.७ वॅट. भागिले १.५, म्हणजे ९.१. तारेत पडणारी उष्णता दीडपटीहून जास्त झाली होती, आणि वाती तेवढ्याच, तशाच लोंबणाऱ्या. पण तेव्हा मला वातींचं काही सुचलं नाही. मला एवढंच दिसलं की पावणेसहा वॅट कमी पडतात आणि नऊ जास्त होतात, तर मधलं काहीतरी हवं. मधलं म्हणजे १.८ ओहम, साडेसात वॅटच्या आसपास. किंवा असं व्होल्टेज, जे मला हवं तसं कमी-जास्त करता येईल.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता. त्या काळात बुडाला चकती असलेल्या बॅटऱ्या मिळायच्या; चकती फिरवली की ३.३ पासून ४.८ व्होल्टपर्यंत. रेडिओचा आवाज वाढवावा तसं. मी तीही घेतली आणि १.८ ओहमच्या नळ्यांचं पाकीटही. ३.८ व्होल्टला लावलं. ३.८ चा वर्ग १४.४४, भागिले १.८, बरोबर आठ वॅट. दोन दिवस स्वर्ग. दोन दिवसांत एकच सिगारेट ओढली, तीही अर्धी टाकली. बायकोला म्हटलं, सुटली.

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये उभा होतो. खिशातून काढली, बटण दाबून सावकाश ओढली, चार सेकंद तरी. आणि जे काही घशात गेलं त्याला शब्द नाही. काथ्या पेटवून त्याची धग थेट घशात ओतावी तसं. ठसका असा लागला की शेजारच्या पोलिश ड्रायव्हरने पाठ थोपटली. डोळ्यांतून पाणी. तोंडातली चव रात्रीपर्यंत गेली नाही, जेवणात आमटीलाही तोच वास. घरी येऊन बघितलं तर चकती ४.८ वर. जीन्सच्या खिशात बसता-उठताना आपोआप फिरली होती. ४.८ चा वर्ग २३, भागिले १.८, जवळजवळ तेरा वॅट. ही चकती खिशात फिरायची खोड त्या सगळ्याच बॅटऱ्यांना होती. पुढे मी तिच्यावर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवला. पण चकती परत ३.८ वर आणूनही करपट चव येतच राहिली, आणि मधूनमधून धड चाललेली नळीही अचानक तसाच चटका द्यायची. ४.८ वर नसताना.

रविवारी अण्णांचा फोन असतो. म्हणजे फोन मी करतो, पण तो त्यांचाच असतो. पाऊस, लूम किती बंद, कुणाची मोटार आली. मुलगा इंग्लंडात जाऊन काय ओढतो हे त्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. निपाणीच्या तंबाखूचा मुलूख आमच्यापासून तास-दीड तासावर, ते स्वतः दिवसातून चारदा मळतात, पण पोराने त्यांच्यापुढे सुपारी खाणंही आमच्याकडे चालत नाही. तरी त्या रविवारी मी आडून विचारलंच.

"अण्णा, एक छोटा हीटर आहे. त्याची तार सारखी जळतीय."

"कसला हीटर?"

"बॅटरीवरचा. अगदी छोटा."

"पाण्यातला का हवेतला?"

मी क्षणभर अडलो. "पाण्यातला म्हणा."

"मग तार जळंलच कशी? पाणी हाय तवर तार जळत न्हाई. पाणी संपत असंल."

"पाणी आहे की. दिसतंय."

"तुला दिसतंय. तारंला मिळतंय का?"

मी गप्प. पलीकडे त्यांचा ठोकायचा आवाज चालूच होता. फोन खांद्यावर धरून काम करायची त्यांची सवय.

"बोअरची मोटार बघितलीस न्हवं? तिच्या पोटात पाणी, भायेर पाणी. धा-धा तास चालती. बोअर आटली, मोटार तशीच चालू ऱ्हायली, तर अर्ध्या तासात खलास. तार तीच, व्होल्टेज तेच. लोड कमी कर न्हाईतर पाणी वाढव. तिसरं काय हातात न्हाई."

एवढं बोलून ते कुणाच्या तरी लग्नाकडे वळले. मी फोन ठेवून बराच वेळ टेबलावरच्या नळीकडे बघत बसलो.

लिक्विडमध्ये मुख्य दोन गोष्टी असतात, प्रोपिलिन ग्लायकॉल आणि वनस्पती तेलापासून काढलेलं ग्लिसरिन. पहिल्याचा उत्कलनबिंदू १८८ अंश, दुसऱ्याचा २९०. वात ओली आहे तोवर तारेतली उष्णता ते उकळण्यात खर्च होते. पातेल्यात पाणी आहे तोवर पातेलं तापून तापून किती तापणार? आटलं की मग बघता बघता लाल. म्हणजे नळीची मर्यादा तारेत नव्हतीच. वात एका सेकंदाला किती लिक्विड वर ओढून देते, त्यात होती. आठ वॅटला लागेल तेवढं त्या लोंबणाऱ्या वाती देत होत्या, तेराला देत नव्हत्या. आणि आठलाही मी एकामागून एक पाच झुरके ओढले की पाचव्याला वात कोरडी. आता तो अधूनमधूनचा चटका कळला: तो यायचा शेडमध्ये, थंडीत, घाईत ओढताना. थंडीत ग्लिसरिन काकवीसारखं घट्ट होतं. ते वातीत चढायलाच वेळ लावतं.

जळलेली एक नळी त्या रात्री फोडली. वातीचा मधला भाग काळा, आणि तारेच्या वेढ्यांवर डांबरासारखा थर. गोड चवीची लिक्विडं हा थर लवकर धरतात. गाळेवाल्याने मला मधे एक कॅरॅमलचं दिलं होतं, त्याचा हा प्रसाद. तार मात्र धड होती. चिमट्याने खरवडली, तर खालून स्वच्छ राखाडी निघाली. अण्णांच्या दुकानात जळलेल्या स्टेटरमधली, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातली, तारही अशीच निघते. जळतं ते तिच्यावरचं वार्निश. तांबं कुठं जातंय, म्हणतात ते.

मग मी कामाला लागलो, कारण आता हा माझा विषय होता. मल्टिमीटर घरीच होतं. १.८ लिहिलेल्या पाच नळ्या मोजल्या. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून त्यांचाच रेझिस्टन्स बघितला, ०.३ आला. तो वजा केला. १.७, १.८, १.८, २.०, २.२. एकाच पाकिटातल्या. ३.८ व्होल्टला पहिली साडेआठ वॅट देणार, शेवटची साडेसहा. ‘आज काय चव नाही येत बुवा’ असं मी ज्या दिवशी म्हणायचो त्या दिवशी बहुधा २.२ ची लागलेली असायची. तिला आठ वॅटवर आणायचं तर ४.२ व्होल्ट हवेत. म्हणजे चकतीवरचा आकडा लक्षात ठेवून उपयोग नव्हता. लक्षात ठेवायचा आकडा वॅटचा, आणि चकती नळीप्रमाणे फिरवायची. हे वहीच्या दुसऱ्या पानावर मी दोनदा अधोरेखित केलंय, जणू मोठा शोध.

एक गोष्ट मात्र मला खरोखर नवीन होती. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बची तार थंड असताना मोजली तर रेझिस्टन्स फारच कमी दिसतो, पेटल्यावर तो दहापटीहून वाढतो. म्हणून मला शंका होती की थंड कॉइल मोजून केलेला हिशेब खोटा ठरेल. ठरत नाही. या कॉइलींना कँथल वापरतात, लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची मिश्रधातू. तापली तरी तिचा रेझिस्टन्स जेमतेम तीन-चार टक्के हलतो. पुढे मी स्वतः कॉइल गुंडाळायला लागलो तेव्हा हीच तार रिळावर विकत घ्यायचो. २८ गेजची दहा सेंटिमीटर तार म्हणजे जवळपास १.८ ओहम, तीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर नऊ-दहा वेढे बसतात. वेढे एकमेकांना चिकटून, एकसारखे. डाव्या अंगठ्याने ताण धरायचा आणि उजव्या हाताने बिट फिरवायचा. तो ताण धरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. आत काचेच्या धाग्याऐवजी कापसाची वात. कापूस फार ठासला की लिक्विड चढत नाही, फार सैल ठेवला की गळतं. बायको बघायची आणि म्हणायची, देवाला कधी एक वात वळली नाहीस.

आठ वॅट, १८ मिलिग्रॅम, दोन झुरक्यांच्या मधे वातीला दम खाऊ द्यायचा. यावर माझी सिगारेट सुटली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची ओढली, तीही लग्नात, पाहुण्याच्या आग्रहाने. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण यंत्रं आवडणाऱ्या माणसाला पुरे कळत नाही.

२०१५ पर्यंत बाजार पालटला. पेनं गेली आणि मुठीएवढ्या पेट्या आल्या. आत १८६५० या मापाची लिथियम-आयन बॅटरी, बाहेर वॅट दाखवणारा पडदा. म्हणजे माझा बसच्या तिकिटावरचा हिशेब आता पेटीच करत होती; कॉइल मोजायची आणि हवं ते व्होल्टेज द्यायची. कॉइल अर्ध्या ओहमच्या, मोठ्या, भरपूर कापसाच्या, हवा घ्यायला रुंद भोकं. बोअरची मोटार म्हणतात ती ही. तीस वॅट, चाळीस वॅट, तरी करपत नाही, कारण पाणी भरपूर. मी घेतली, घरी आलो आणि त्यात माझं नेहमीचं १८ मिलिग्रॅमचं लिक्विड ओतलं.

चार झुरक्यांत भिंत फिरायला लागली. कपाळावर घाम, पोटात कालवाकालव. खुर्चीच्या पाठीला धरून न्हाणीघर गाठलं. सगळा हिशेब केला होता, फक्त एवढा नव्हता केला, की चौपट वॅट म्हणजे एका झुरक्यात कितीतरी पट लिक्विड, आणि लिक्विडबरोबर तेवढंच निकोटिन. त्यात हा झुरका तोंडात धरून मग गिळायचा नाही, थेट छातीत ओढायचा. अशा कॉइलला ३ मिलिग्रॅम पुरतं. विकणाऱ्याने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

दुसरा धडा बॅटरीचा, आणि हा मी हसत सांगत नाही. सुटी १८६५० मी एकदा किल्ल्यांच्या खिशात टाकली. जिना उतरताना मांडीला चटका बसला. किल्लीने बॅटरीच्या वरच्या टोकाचा आणि कडेचा मेळ घातला होता. या बॅटरीला वरच्या टोकाभोवती कडेपर्यंत नुसतं पातळ प्लास्टिक असतं, ते सोलवटलं की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. खिसा उलटा करून ती फरशीवर टाकली, म्हणून निभावलं. तेव्हापासून प्लास्टिकच्या डबीशिवाय सुटी बॅटरी बाळगली नाही. आणि अँपिअर मोजायला लागलो. अर्ध्या ओहमला भरलेल्या बॅटरीचे ४.२ व्होल्ट थेट दिले तर ८.४ अँपिअर. ०.२ ओहमला २१. चांगल्या १८६५० च्या सहनशक्तीची हद्द सहसा २० च्या आसपास, आणि स्वस्त बॅटऱ्यांवर ४० छापलेलं असतं ते वाचून सोडून द्यायचं. पडद्यावाल्या पेटीत आणखी एक गंमत आहे. ती वॅट कायम ठेवते, म्हणून बॅटरी उतरत गेली की ती बॅटरीतून जास्त करंट ओढते. ६० वॅट मागितले आणि बॅटरी ३.२ व्होल्टवर आली असेल, तर पेटीतला थोडा अपव्यय धरून २० अँपिअरच्या वर. कॉइलचे ओहम तिथे बघायचेच नाहीत. मला हे उमगायला आठवडा लागला. आपल्याला सवय व्होल्टेज पडलं की करंट कमी होण्याची.

त्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र आलं होतं आणि कारखान्यातल्या नर्सबाईंनी मला ते मुद्दाम आणून दाखवलं. बॅटरी ३.३ व्होल्टला लावली तर वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. वर्तमानपत्रांनी अर्थातच पाचचाच मथळा केला. मी विचारलं, कॉइल किती ओहमची? नर्सबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पुढे काही महिन्यांत दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की वात कोरडी पडली की ही विषारी द्रव्यं झपाट्याने वाढतात, आणि तो झुरका ओढणाऱ्याला लगेच कळतो, सहन होत नाही. मला पटलं. तो झुरका मी शेडमध्ये ओढला होता. पण हेही खरं, की थोडीशी करपट चव मी आठवडाभर ‘चालतंय’ म्हणून ओढली होती. सहन होत नाही आणि चालवून घेतो, यात अंतर आहे.

पुढचं भराभर. मे २०१७ पासून इथले नियम पूर्ण लागू झाले: टाकीत २ मिलीच, निकोटिनची बाटली १० मिलीचीच, ताकद २० मिलिग्रॅमच्या वर नाही. मोठ्या बाटल्या मग निकोटिनशिवायच्या विकायला लागले. ५० मिलीत १८ मिलिग्रॅमची १० मिलीची छोटी बाटली ओतली की ६० मिलीला ३ मिलिग्रॅम पडतात. मी हळूहळू छोटी बाटली अर्धीच ओतायला लागलो.

नाशिकच्या त्या मुलाला दिलेलं उत्तर असं: दहा-बारा सिगारेटीची सवय आहे, तोंडात धरून ओढतोस, तर १.२ ची घे, २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट (घशाला मऊ लागणारं निकोटिन), दहा वॅटच्या आसपास. ०.८ ला जायचं तर ताकद कमी कर. नवी कॉइल भरल्यावर दहा मिनिटं वात भिजू दे. हे बोलून झाल्यावर तो म्हणाला, म्हणजे सिगारेट सुटेल? मी त्याला इथेच झालेल्या, २०१९ साली छापून आलेल्या एका चाचणीचे आकडे सांगितले. ८८६ माणसं, निम्म्यांना पट्टी-च्युइंगम, निम्म्यांना भरून वापरायचा वेप आणि १८ मिलिग्रॅमचं तंबाखूच्या चवीचं लिक्विड, म्हणजे माझाच पहिला संच. वर्षाअखेर वेपवाल्यांत १८ टक्क्यांची सिगारेट सुटलेली, बाकीच्यांत ९.९ टक्क्यांची. जवळजवळ दुप्पट, पण शंभरातल्या ब्याऐंशींची नाही सुटली. आणि ज्यांची वेपने सुटली, त्यातले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. मला स्वतःला तो सोडायला आणखी आठ वर्षं लागली. त्याच्या खोलीतल्या, कधी सिगारेट न ओढलेल्या पोराने हे तोंडाला लावू नये, हेही त्याला सांगितलं. आणि दिवाळीला घरी जाताना यातलं काहीही बॅगेत टाकू नकोस.

कारण तो प्रसंग माझ्यावर येऊन गेलेला आहे. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदाच झाला. आणणं, विकणं, साठवणं, सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठवल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत. माझं जानेवारी २०२० चं तिकीट काढलेलं होतं. पेटी, कॉइल, बाटल्या सगळं कॉव्हेंट्रीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दोन मिलिग्रॅमच्या च्युइंगमची पाकिटं घेऊन निघालो.

इचलकरंजीत दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, सारखा काय रवंथ करतोयस. मी म्हटलं, दात दुखतोय. संध्याकाळी दुकानात गेलो. वार्निशचा वास, भट्टीतून नुकतेच काढलेले दोन स्टेटर, कोपऱ्यात एका शेतकऱ्याची पाण्याविना चालून जळलेली मोटार उघडी पडलेली. अण्णांनी मला स्टूल सरकवलं. हातावर तंबाखू मळत ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तुझा तो पाण्यातला हीटर," ते म्हणाले, "अजून हाय?"

"आहे. तिकडंच ठेवलाय."

"किती वॅटवर चालवतोस?"

"आता बाराच."

"आधी?"

"चाळीस."

त्यांनी चुना पुसला, चिमूट ओठात धरली आणि काहीच बोलले नाहीत. मग नवी भरलेली पाच एचपीची मोटार माझ्यापुढे ढकलली आणि मीटर हातात दिलं. तिन्ही फेज मोजून सांग म्हणाले, डोळ्याला आकडा दिसत नाही नीट. मी पिना लावल्या. ३.४, ३.४, ३.४.

"पिनांचं वजा केलंस का?"